सह्याद्रीच्या खडकांचं वय बदलतं म्हणजे नेमकं काय बदलतं?

जुन्या पुस्तकांत दख्खनच्या लाव्हाचं वय साडेसहा कोटी वर्षं दिलेलं असतं. अलीकडच्या लेखांत तेच ६ कोटी ६० लाख झालेलं दिसतं. आणखी मागे जाऊन १९८० च्या आधीची मोजमापं चाळली, तर याच काळ्या पाषाणासाठी ३ कोटींपासून ८ कोटी वर्षांपर्यंतचे आकडे सापडतात. भरीस भर म्हणून नावंही बदलली आहेत. एकेकाळचे लोअर, मिडल आणि अप्पर ट्रॅप (ट्रॅप म्हणजे हेच लाव्हाथर) जाऊन आता कळसूबाई, लोणावळा आणि वाई असे उपगट आले आहेत. हे सगळं बघून कुणालाही वाटेल, की अभ्यासकांचंच अजून ठरत नाही, तर आपण कशावर भरवसा ठेवायचा?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. हे सगळे बदल एका जातीचे नाहीत. कधी नमुनाच खराब होता, कधी मोजण्याची पद्धत सुधारली, कधी खडकांची विभागणीच चुकीच्या खुणेवरून झाली होती. आणि एकदा तर सह्याद्रीतल्या एकाही दगडाला हात न लावता त्याचं वय काही लाख वर्षांनी वाढलं. यातला कोणता बदल कशामुळे झाला हे कळलं, की आकड्यांचा गोंधळ बराचसा निवळतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. खडकाचं नाव आणि खडकाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूवैज्ञानिक ज्याला शैलसमूह म्हणतात तो म्हणजे एकसारख्या गुणधर्मांच्या थरांचा संच. वरच्या आणि खालच्या संचांपासून तो वेगळा ओळखता यायला हवा आणि नकाशावर आखता यायला हवा. जिथे तो उत्तम दिसतो त्या जागेचं नाव त्याला देतात. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटावरून आंबेनळी शैलसमूह हे नाव आलं. या व्याख्येत वयाचा उल्लेखच नाही. अनेक शैलसमूह मिळून उपगट आणि उपगट मिळून गट होतो, पण त्याचाही आधार खडकाचा गुण हाच. वय नंतर मोजायचं आणि मोजमाप सुधारलं की सुधारायचं. वय सुधारलं म्हणून नाव बदलण्याचं कारण नसतं, आणि नाव बदललं म्हणून वय बदलत नाही.

तीन मजल्यांची जुनी विभागणी

दख्खनचा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. १८६० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी या सगळ्याची पहिली पद्धतशीर विभागणी केली. दोन लाव्हाथरांच्या मधे काही ठिकाणी तळ्यांचा गाळ सापडतो आणि त्यात शिंपले, मासे, वनस्पती यांचे जीवाश्म असतात. यांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. नागपूर आणि नर्मदेच्या बाजूला असे थर भरपूर, म्हणून तो लोअर ट्रॅप. माळव्यात ते जवळपास नाहीत, म्हणून तो मिडल. मुंबई आणि काठियावाडात ते पुन्हा दिसतात, सोबत ज्वालामुखीच्या राखेचे थरही आहेत, म्हणून तो अप्पर. या मांडणीवर शंभराहून जास्त वर्षं पुस्तकं लिहिली गेली.

ब्लॅनफर्ड यांच्याकडे जी साधनं होती त्यांच्या मानाने हे काम मोठं होतं, यात शंका नाही. पण खूण चुकीची निवडली गेली. दोन थरांच्या मधे तळं साठणं हे तिथल्या जमिनीच्या उतारावर, पाण्याच्या निचऱ्यावर आणि पुढचा लाव्हा यायला किती काळ गेला यावर अवलंबून असतं. पठाराच्या कडेला, जिथे लाव्हा पातळ होता आणि क्वचित येत होता, तिथे तळ्यांना वेळ मिळाला. म्हणजे आंतरट्रॅपी थर तिथली परिस्थिती सांगतात, काळ सांगत नाहीत. एका गोष्टीत मात्र जुनी मांडणी खरी ठरली. मुंबईतल्या खडकांचा बराचसा भाग खरोखरच घाटातल्या खडकांहून तरुण आहे. वरळीच्या गाळात सापडलेल्या ज्या छोट्या बेडकाचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं, तो याच उशिराच्या काळातला.

उंची फसवते

घाटात उभं राहिलं की एकावर एक रचलेले आडवे थर दिसतात आणि मनात सरळ हिशेब होतो, की जो उंच तो नवा. एका कड्यापुरता हा हिशेब बरोबर आहे. दोन कड्यांची तुलना करताना तो कोसळतो.

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. महाबळेश्वर त्याहून खाली. तरीही कळसूबाईच्या माथ्यावरचा खडक महाबळेश्वरच्या खडकाहून जुना आहे. कारण सह्याद्रीतले थर पूर्ण सपाट नाहीत. त्यांचा दक्षिणेकडे अगदी हलका, एक अंशाहूनही कमी कल आहे. डोळ्यांना तो जाणवत नाही, पण शेकडो किलोमीटरच्या प्रवासात त्याचा परिणाम प्रचंड होतो. नाशिक-इगतपुरीकडे जमिनीवर दिसणारे थर दक्षिणेकडे जाता जाता खाली दबत जातात आणि त्यांच्यावर नवे थर चढत जातात.

हा कल पक्का करायचा तर दूरदूरच्या घाटांतला एकच थर ओळखता आला पाहिजे. इथे खरी अडचण आहे, कारण बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा हा खडक, दिसायला सगळीकडे सारखाच. काळा, घट्ट, बारीक कणांचा. काही थरांत प्लॅजिओक्लेज या खनिजाचे बोटभर लांबीचे पांढुरके स्फटिक असतात. मंचर, गिरवली, कशेळे अशा गावांच्या नावांनी हे थर ओळखले जातात आणि ते वाटाड्याचं काम करतात. पण तेवढ्याने भागत नाही.

उत्तर रसायनशास्त्रातून आलं. १९८० च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतले पीटर हूपर, ब्रिटनमधले कीथ कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत प्रत्येक लाव्हाथराचे नमुने घेतले. टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम अशा मूलद्रव्यांचं प्रमाण मोजलं. दिसायला सारखे असलेले थर रसायनात वेगळे निघाले, आणि हे वेगळेपण विखुरलेलं नव्हतं, टप्प्याटप्प्याने बदलत होतं.

यातलं स्ट्रॉन्शियमचं उदाहरण मला सर्वांत सुंदर वाटतं. रुबिडियम-८७ चं अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये रूपांतर होतं. खंडाच्या तळाशी असलेल्या अब्जावधी वर्षं जुन्या ग्रॅनाइटसारख्या खडकांत रुबिडियम भरपूर असतं, त्यामुळे त्यांत हे स्ट्रॉन्शियमही बरंच साठलेलं असतं. पृथ्वीच्या खोल भागातून वर येणारा शिलारस अशा जुन्या कवचातून जाताना त्याचा अंश विरघळवून घेत असेल, तर त्याची नोंद या समस्थानिकात, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूत, उमटते. आंबेनळी शैलसमूहात स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास आहे. म्हणजे हा लाव्हा जवळजवळ निर्भेळ वर आला. त्याच्या खालच्या बुशे शैलसमूहात ते ०.७१३ किंवा त्याहून जास्त भरतं. म्हणजे त्या लाव्हाने जुनं कवच भरपूर पोटात घेतलं होतं. आकड्यातला फरक किरकोळ वाटेल, पण प्रयोगशाळेसाठी ही दोन टोकं आहेत.

अशा खुणांवरून १९८६ च्या सुमारास पश्चिम घाटाची नवी मांडणी उभी राहिली. तळाशी कळसूबाई उपगट, त्यात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर. त्यावर लोणावळा उपगट, त्यात खंडाळा आणि बुशे. सर्वांत वर वाई उपगट, त्यात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि देसूर. सगळ्यांची जाडी एकावर एक धरली तर ती सुमारे तीन किलोमीटर भरते, पण एवढी जाडी एका जागी कुठेच नाही. १९६७ च्या भूकंपानंतर कोयना परिसर भूकंपशास्त्रासाठी महत्त्वाचा झाला. तिथे पुढे खोल वेधन झालं, तेव्हा सुमारे ९३० मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला.

आता थोडी गुंतागुंत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने स्वतःची वेगळी मांडणी केली. त्यात साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर असे शैलसमूह येतात. ही विभागणी रसायनावर आधारलेली नाही. थराचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, तो पातळ पदरांनी बनलाय की एकसंध जाड आहे, अशा जागेवर बघता येणाऱ्या गुणांवर ती उभी आहे. म्हणून एकच कडा दोन नकाशांवर दोन नावांनी सापडू शकतो. यात एक खरं आणि दुसरं खोटं असं नाही. विहीर, बोगदा, धरण यांचं काम करणाऱ्याला खडक कसा आहे हे हवं असतं, तिथे सर्वेक्षणाची मांडणी जास्त उपयोगी. लाव्हा कुठून आणि कोणत्या क्रमाने आला हे शोधायचं असेल तर रसायनाची. वाचकाने फक्त आपल्या हातातला नकाशा कोणत्या पद्धतीचा आहे ते बघावं.

वय: आधी जीवाश्म, मग घड्याळं

वयाचा वाद नावांहून जुना आहे. १९३० च्या दशकात पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी आंतरट्रॅपी थरांतल्या ताड-माडांसारख्या वनस्पतींच्या जीवाश्मांवरून हा लाव्हा डायनोसॉरच्या काळानंतरचा, तृतीयक कल्पातला आहे असं मांडलं. त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते मत बराच काळ टिकलं. १९८० च्या दशकात अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नागपूरसारख्या भागांतल्या त्याच प्रकारच्या थरांत डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे अवशेष मिळाले. अंडी लाव्हांच्या मधल्या गाळात असतील, तर त्या खालचा लाव्हा डायनोसॉर जिवंत असतानाच वाहिला होता. निदान त्या भागापुरता प्रश्न तिथे मिटला.

जीवाश्म किती निर्णायक असतो आणि म्हणूनच किती काळजीने तपासायला हवा, याचं अलीकडचं उदाहरण भीमबेटकाचं आहे. तिथल्या विंध्य वालुकाश्मात डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचे ठसे मिळाल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. ते खरं असतं तर त्या खडकाचं वय ५५ कोटी वर्षांच्या आसपास आणावं लागलं असतं. इतर पुरावे मात्र १०० कोटी वर्षांकडे बोट दाखवत होते. २०२३ मध्ये दुसऱ्या एका गटाने जागेवर जाऊन बघितलं, तर तो ठसा खडकाचा भाग नव्हताच, मधमाश्यांच्या कुजलेल्या पोळ्याचा तो अवशेष होता. मूळ दावा करणाऱ्या शास्त्रज्ञानेही ते मान्य केलं. हे काम असंच चालायला हवं.

बेसाल्टचं वय थेट मोजण्याची पहिली पद्धत पोटॅशियम-आर्गॉनची. पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी अणूंचा काही भाग आर्गॉन-४० वायूत बदलतो. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे १२५ कोटी वर्षं. लाव्हा वितळलेला असताना आर्गॉन निसटून जातो. तो थिजला की नवा आर्गॉन स्फटिकात अडकत जातो. नळाखाली ठेवलेल्या हंड्यातलं पाणी मोजून नळ किती वेळ गळतोय ते सांगावं, तसं हे आहे. आता हंड्याला बारीक भोक असेल तर वेळ कमी भरेल. हंड्यात आधीपासून पाणी असेल तर जास्त भरेल. दख्खनच्या बेसाल्टमध्ये दोन्ही घडतं. पावसाने झिजलेल्या, झिओलाइट या खनिजाने भरलेल्या दगडातून आर्गॉन गळतो, काही नमुन्यांत तो आधीचा उरलेला असतो. त्यात या बेसाल्टमध्ये मुळात पोटॅशियमच कमी. म्हणून ३ कोटी ते ८ कोटी असा पसारा निघाला. त्या काळच्या संशोधकांनी निष्काळजीपणा केला असं यातून काढू नये. त्यांनी जे मोजलं ते बरोबर मोजलं, पण दगडाने वायू राखून ठेवला नव्हता.

पसारा आवरायला पहिली मदत चुंबकत्वाने केली. थिजताना लाव्हातली लोहखनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे क्षेत्र पृथ्वीच्या इतिहासात अनेकदा उलटं झालं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकातच दख्खनच्या लाव्हाचं चुंबकत्व मोजायला सुरुवात झाली होती. १९८६ मध्ये व्हिन्सेंट कूर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं दाखवलं, की घाटातला बहुतांश लाव्हा एकाच उलट्या कालखंडात ओतला गेला. हा कालखंड २९-आर या नावाने ओळखला जातो आणि तो दहा लाख वर्षांहूनही कमी टिकला. लाव्हा ५ कोटी वर्षं वाहत राहिला असता, तर क्षेत्राची कितीतरी उलटापालट त्यात दिसली असती. ती दिसत नव्हती. म्हणजे आकड्यांचा पसारा खडकाचा नव्हता, मोजमापाचा होता. शिवाय हाच कालखंड डायनोसॉरच्या अंताचा आहे.

१९८८ पासून आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने हे पक्कं होत गेलं. यात नमुना अणुभट्टीत ठेवून त्यातल्या पोटॅशियमच्या काही भागाचं आर्गॉन-३९ करतात आणि मग तो टप्प्याटप्प्याने तापवून दोन्ही आर्गॉन एकत्र मोजतात. प्रत्येक टप्प्याला सारखं वय आलं तर नमुना विश्वासाचा. गळती असेल तर टप्पे जुळत नाहीत आणि नमुना बाद करता येतो.

आता त्या बदलाकडे येऊ, ज्यात दगडाला हात लागला नाही. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत नमुन्यासोबत वय माहीत असलेला एक मानक स्फटिक ठेवावाच लागतो. कोलोरॅडोतल्या फिश कॅन्यन इथल्या ज्वालामुखी खडकातलं सॅनिडिन हे खनिज म्हणजे जगभर वापरलं जाणारं मानक. त्याचं वय बराच काळ २ कोटी ८० लाख वर्षं धरलं जाई. २००८ मध्ये मोरोक्कोतल्या समुद्री गाळातली राख पृथ्वीच्या कक्षेच्या आवर्तनांशी ताडून पाहिली, तेव्हा ते २ कोटी ८२ लाख असल्याचं दिसलं. जेमतेम पाऊण टक्क्याचाही फरक नाही. पण या मानकावर टेकलेलं जगातलं प्रत्येक वय त्याच प्रमाणात वाढलं, आणि क्रिटेशियस कल्पाचा, म्हणजे डायनोसॉरच्या काळाचा, शेवट ६ कोटी ५५ लाखांवरून ६ कोटी ६० लाखांपाशी आला. आधीचे आकडेही त्या काळच्या मानकाप्रमाणे बरोबरच होते. म्हणून जुन्या-नव्या शोधनिबंधांतली वयं शेजारी ठेवण्याआधी दोघांचं मानक एकच आहे का, हे बघणं मला सर्वांत गरजेचं वाटतं. नाहीतर निव्वळ आकडेमोडीच्या फरकाला निसर्गातली घटना समजण्याची चूक होते.

तिसरं घड्याळ युरेनियम-शिशाचं. त्यासाठी झिरकॉन हा टणक स्फटिक लागतो आणि बेसाल्टमध्ये तो सहसा नसतो. पण लाव्हाथरांच्या मधे घाटात जागोजागी तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. त्यांतल्या काहींत दुसऱ्या, सिलिकायुक्त ज्वालामुखींची राख मिसळलेली आहे आणि त्या राखेत झिरकॉन आहेत. २०१५ मध्ये ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी अशा झिरकॉनवरून सांगितलं, की घाटातला मुख्य उद्रेक डायनोसॉर संपले त्या सामूहिक विनाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांत आटोपला. कोट्यवधी वर्षांमागच्या घटनेसाठी काही दहा हजार वर्षांची अचूकता! रस्त्याकडेला दिसणाऱ्या तांबड्या पट्ट्यात एवढं दडलेलं असेल असं कुणाला वाटलं असतं?

२०१९ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. शोएन यांच्या गटाच्या मते लाव्हा चार ठळक आवेगांत आला आणि पोलादपूर शैलसमूहाचा मोठा आवेग विनाशाच्या थोडा आधीचा. कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी यांच्या गटाने आर्गॉनवरून सांगितलं, की विनाशाची वेळ बुशे आणि पोलादपूर यांच्या सीमेजवळ येते आणि सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा त्यानंतर आला. बातम्यांत याला भांडणाचं रूप आलं. प्रत्यक्षात २०२१ मध्ये दोन्ही माहितीसंच एकत्र तपासले गेले, तेव्हा अनिश्चितता धरून ते बऱ्यापैकी जुळतात असं दिसलं. मोठा फरक होता तो मोजलेल्या मोजक्या वयांच्या मधली जागा कशी भरायची यात. कारण पोलादपूरचा वरचा शेवट नेमका कुठे धरायचा, हे रसायनाच्या नोंदीवरून ठरतं, आणि ती सीमा थोडी वर-खाली झाली की त्या आवेगाचा आकारही बदलतो. वेगळी समजायची म्हणून सांगितलेली नाव आणि वय ही दोन कामं इथे एकमेकांना भिडतात.

घाटाबाहेर गेलं की अजून बरंच काम बाकी आहे. माळव्यातल्या काही थरांची झिरकॉनवरची वयं घाटातल्या सर्वांत जुन्या थरांच्याही आधीची निघाली आहेत. म्हणजे सुरुवात शोधायची तर फक्त सह्याद्री बघून चालणार नाही. राजमहेंद्रीजवळचा लाव्हा रसायनाने वाई उपगटातल्या थरांशी जुळतो, आणि तो घाटाकडून सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला असावा असं मानलं जातं. मंडला आणि जबलपूरकडचे थर बहुतेक मूलद्रव्यांत पोलादपूर आणि आंबेनळीसारखे आहेत, पण शिशाची समस्थानिकं मोजली तर वेगळे पडतात. त्यांना घाटातली नावं द्यायची की त्यांच्या स्वतःच्या जागांची, हे पुढच्या झिरकॉनवर आणि त्याहून जास्त, तिथले कडे पायी चढून नमुने घेणाऱ्यांवर अवलंबून आहे.